स्वारगेट : एका नाक्याचा सांस्कृतिक इतिहास

एखाद्या शहराचा इतिहास त्याच्या वाड्यांच्या, देवालयांच्या आणि लढायांच्या आधारे सांगण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. पुण्याच्या बाबतीत ती अधिकच दृढ झालेली दिसते. शनिवारवाडा, लाल महाल, पर्वती आणि केसरीवाडा एवढी नावे घेतली की पुण्याचा इतिहास सांगून झाला, असे आपण मानतो. परंतु ज्या नाक्यावरून हजारो सामान्य माणसे रोज या शहरात पाऊल टाकतात आणि रोज या शहराचा निरोप घेतात, त्या नाक्यालाही इतिहास असतो. तो शिलालेखांत कोरलेला नसतो, म्हणून तो कमी महत्त्वाचा ठरत नाही. स्वारगेट हा असाच एक नाका आहे.

या नावातच दोन राजवटींची भेट झाली आहे. ‘स्वार’ हा फारसीतून येऊन मराठीत मुरलेला शब्द, तर ‘गेट’ हा इंग्रजी अमदानीत रुळलेला. येथे घोडेस्वारांची चौकी होती, त्यावरून हे नाव पडले, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. पूलगेट, क्वार्टर गेट आणि स्वारगेट ही तीन नावे एकापाठोपाठ उच्चारली, तरी जुन्या शहराची पूर्वेकडील आणि दक्षिणेकडील कड कोठे होती याचा अंदाज येतो. यांपैकी क्वार्टर गेट आपल्या वाचकांना परिचित आहे. सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या पदरी असलेल्या ख्रिस्ती सैनिकांच्या उपासनेसाठी १७९२ साली जागा दिली आणि तेथे आज ‘सिटी चर्च’ या नावाने ओळखले जाणारे निष्कलंक गर्भसंभव मातेचे मंदिर उभे राहिले. म्हणजे शहराच्या याच कडेवर पुण्यातील कॅथॉलिक समाजाचा आरंभ झाला. गावाच्या मध्यभागी ज्यांना वाडा नसतो, त्यांचा इतिहास बहुधा वेशीपाशी सुरू होतो.

स्वारगेटचा इतिहास हा प्रामुख्याने यंत्रांचा आणि तंत्रांचा इतिहास आहे. पाणी वाहून आणणारा नळ, माणसे वाहून नेणारी बस, आवाज वाहून नेणारा ध्वनिवर्धक आणि आता जमिनीच्या पोटातून धावणारी मेट्रो, असा त्याचा क्रम लावता येईल. या प्रत्येक साधनाने आपल्या कलेवर, रूढींवर आणि रोजच्या वागण्यावर कोणता परिणाम केला, हे पाहणे उद्बोधक ठरेल. यंत्र केवळ काम सोपे करून थांबत नाही. माणसाने माणसाशेजारी कसे बसावे, गाणे किती वेळ गावे, बातमी केव्हा कळावी, हेही ते हळूहळू ठरवू लागते. मात्र ते सर्वच ठरवू शकते काय, हा खरा प्रश्न आहे.

पाण्याची वाट

अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, कात्रजच्या तलावाचे पाणी बंदिस्त नळाने पुणे शहरात आणले गेले. त्यासाठी ना पंप होता, ना इंधन. जमिनीचा नैसर्गिक उतार अचूक हेरून पाणी आपल्या वजनाने वाहते ठेवायचे, वाटेत हवा खेळती राहावी आणि गाळ काढता यावा म्हणून ठिकठिकाणी उच्छ्वास बांधायचे आणि शेवटी ते शहरातील हौदांत सोडायचे, अशी ही योजना होती. दक्षिणेकडच्या डोंगरातून शहरात उतरणारी ही पाण्याची वाट म्हणजे पुण्याच्या या दिशेने आलेले पहिले मोठे तंत्रज्ञान होय. पुढे इंग्रजी अमदानीत, एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकांत, खडकवासल्याचे धरण झाले आणि मुठेचा उजवा कालवा पर्वतीच्या पायथ्यावरून व स्वारगेटच्या कुशीतून पूर्वेकडे वाहू लागला.

या पाण्याने शहराची तहान भागवली, हे खरे. पण कोणाची? नळाने पाणी हौदापर्यंत आणून सोडले. त्या हौदात घागर कोणी बुडवावी, हे मात्र नळाला ठरवता आले नाही. ते जातीने ठरवले होते. कात्रजच्या नळाची बांधणी कितीही कौशल्याची असली, तरी अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाची घागर कोरडीच राहत होती. १८६८ साली महात्मा जोतीराव फुले यांनी गंज पेठेतील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. ती गंज पेठ आज महात्मा फुले पेठ या नावाने ओळखली जाते आणि ती स्वारगेटच्या हाकेच्या अंतरावर आहे. त्या हौदात नवे तंत्र काहीच नव्हते. दगड तोच, चुना तोच, पाणीही तेच. बदलला होता तो फक्त हौदाच्या मालकाचा विवेक. शतकभर जे काम नळाने झाले नाही, ते एका माणसाच्या निर्णयाने झाले. स्वारगेटच्या पुढील इतिहासाकडे पाहताना हा हौद आपण नजरेआड होऊ देता कामा नये.

मार्च २०१९ मध्ये स्वारगेट येथे मेट्रोच्या स्थानकासाठी खोदकाम चालू असताना जमिनीखाली एक जुना भुयारी मार्ग सापडला. तो जुन्या पाणीपुरवठ्याचा भाग असावा, असे जाणकारांचे मत पडले. विसाव्या शतकाच्या वेगाला कंटाळून एकविसाव्या शतकाने जमिनीखाली वाट शोधली, तेव्हा तेथे जुन्या पिढ्यांची वाट आधीच अस्तित्वात होती! इतिहास कधीकधी असा स्वतःहून भेटीस येतो.

बैलगाडीपासून एस.टी.पर्यंत

१८५८ साली पुण्यात आगगाडी आली. तिने मुंबई जवळ आणली, उद्योग आणले, वृत्तपत्रे आणली. परंतु आगगाडी रूळ सोडून जात नाही. स्थानकावर उतरल्यानंतर गावापर्यंतची वाट पूर्वीप्रमाणेच बैलगाडीची राहिली आणि बैलगाडीवर गाडीवानाचे, म्हणजेच गावाच्या रूढीचे, राज्य होते.

याचा एक बोलका पुरावा स्वारगेटवरून ज्या दिशेला रस्ता जातो, त्या सातारा भागातलाच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या आत्मकथनपर टिपणांत १९०१ सालच्या एका प्रवासाची हकीकत नोंदवली आहे. साताऱ्याहून वडिलांना भेटण्यासाठी निघालेला लहानगा भीमराव भावंडांसह मसूर स्थानकावर आगगाडीतून उतरला. मुले चांगल्या कपड्यांत होती, तिकिटे रीतसर काढलेली होती. आगगाडीत त्यांना कोणी अडवले नव्हते. पण त्यांची जात कळताच एकही गाडीवान त्यांना गाडीत घेईना. अखेर दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतःच हाकण्याचे कबूल करून त्यांना पुढे जावे लागले. गाडीवान पायी चालत राहिला. एकाच प्रवासात यंत्राने चालणारे वाहन आणि रूढीने चालणारे वाहन यांतील अंतर इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल.

पुढे खाजगी मोटारी आल्या. त्या भरल्याखेरीज निघत नसत आणि भरल्यानंतरही माणसे कोंबणे थांबवत नसत. वेळेला किंमत नव्हती आणि दराला शिस्त नव्हती. अशा स्थितीत तत्कालीन मुंबई राज्याने प्रवासी वाहतूक हाती घेतली आणि १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. १ जून ही तारीख आपल्या सांस्कृतिक इतिहासात कुतूहलाचा विषय व्हावी अशी आहे. १९२९ साली याच तारखेला कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीची स्थापना झाली. चारच वर्षांनी ती पुण्यात आली. १९३० साली याच तारखेला डेक्कन क्वीन धावू लागली. चित्रपट, विजेची आगगाडी आणि एस.टी. ही विसाव्या शतकातील मराठी जीवन घडवणारी तीन साधने. तिघांचाही वाढदिवस एकच आहे.

एस.टी.चे तिकीट काढणाऱ्याला जात विचारली गेली नाही. मधल्या आसनावर ब्राह्मण, खिडकीशी मातंग आणि त्यांच्या शेजारी मुसलमान बागवान, अशी बैठक गावच्या पारावर शक्य नव्हती. ती बाकावर शक्य झाली. सार्वजनिक स्थळी भेदभावास मनाई करणारी आणि अस्पृश्यता नष्ट करणारी आपली राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली. त्याआधी सुमारे वीस महिने एस.टी.च्या बाकावर या समतेची एक छोटीशी तालीम सुरू झाली होती, असे म्हणावयास हरकत नाही. एस.टी.ने जातिभेद संपवला, असे म्हणणे अर्थातच भाबडेपणाचे होईल. बसमधून खाली उतरताच गावाची वेस आपले जुने नियम घेऊन उभीच असे. तथापि दोन-तीन तास खांद्याला खांदा लावून बसण्याची जी सवय लागली, तिचे मोल कमी लेखता येणार नाही.

१९५० साली पुण्याची महानगरपालिका आणि तिची शहर बससेवा या दोन्ही गोष्टी अस्तित्वात आल्या. ‘पीएमटी’ या नावाने ती सेवा घरोघरी ओळखली गेली. २००७ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या सेवेशी तिचे विलीनीकरण होऊन ‘पीएमपीएमएल’ झाली. तिचे मुख्य कार्यालयही स्वारगेटलाच आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर, बारामती, सोलापूर आणि कोकण या दिशांनी येणाऱ्या एस.टी. गाड्या आणि शहरातल्या गल्ल्यांत शिरणाऱ्या पीएमटीच्या बसगाड्या यांचा संगम येथे झाला. खेडे आणि शहर एकमेकांना भेटले ते या फलाटांवर.

आपल्या समाजाच्या दृष्टीने या घटनेचे महत्त्व फार मोठे आहे. नगर जिल्ह्यातील मिशनकेंद्रांत जेझुइट धर्मगुरू घोड्यावरून, टांग्यातून किंवा पायी गावोगाव फिरत. एका गावाहून दुसऱ्या गावी निरोप पोहोचवणे हेच मुळी कष्टाचे काम होते. १९०३ साली केंदळ येथे फादर हेन्री डोरिंग यांनी मासिक सुरू केले, तेव्हा त्याचे नाव ‘निरोप्या’ असे ठेवले, यात नवल नाही. ज्या काळात निरोप हीच दुर्मीळ वस्तू होती, त्या काळाचे ते नाव आहे. डोरिंग पुढे पुण्याचे बिशप झाले. त्यांच्या मासिकाला ज्या वाटा तुडवाव्या लागत, त्याच वाटांवर अर्ध्या शतकानंतर एस.टी. धावू लागली. १९७२ च्या भीषण दुष्काळात नगर जिल्ह्यातून आणि मराठवाड्यातून असंख्य कुटुंबे पोटासाठी पुण्याकडे आली. त्यांत आपलीही माणसे होती. एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि पिशवीत जपून ठेवलेली जपमाळ घेऊन ती उतरली. कोणी पिंपरीच्या कारखान्यांत लागले, कोणी रुग्णालयांत, कोणी शाळांत. तरीही गावाची नाळ तुटली नाही, याचे श्रेय बसलाच द्यावे लागेल. सप्टेंबरमध्ये श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावी मतमाउलीची यात्रा भरते, तेव्हा पुण्यातील धर्मग्रामांतून निघणारी कुटुंबे याच वाहनाच्या भरवशावर माहेरी जाऊन येत आली आहेत. शहरात राहूनही गावची मतमाउली आपली राहिली, ती रस्ता होता म्हणून.

फलाटावरील कला

माणसे हिंडू लागली की कलाही हिंडू लागते. तमाशाचे फड पूर्वी बैलगाड्यांतून गावोगाव जात. मालमोटार आली, पाठोपाठ जनित्र आणि ध्वनिवर्धक आले आणि फडाचे रूपच पालटले. पूर्वी मशाली-दिवट्यांच्या उजेडात, हाकेच्या अंतरात बसलेल्या रसिकांसमोर रंगणारी लावणी आता मोठ्या तंबूत हजारोंना ऐकू जाऊ लागली. पुणे-नाशिक रस्त्यावरचे नारायणगाव हे फडांची सुपारी ठरवण्याचे केंद्र बनले, यामागे परंपरेइतकाच रस्त्याचाही हात आहे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्यासारख्या थोर कलावतीचा आवाज महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात पोहोचला, तो या चाकांवरून आणि या कर्ण्यांमधून. मात्र प्रेक्षक जसा दूर बसू लागला, तसे बारकाव्यांचे काम कमी होऊन ठसठशीत आविष्काराला महत्त्व आले. मोठा श्रोतृवर्ग मिळाला. सूक्ष्मता थोडी हरवली. यंत्राशी केलेला प्रत्येक व्यवहार असा देण्याघेण्याचा असतो.

नाटक मंडळ्यांनी आपापल्या बसगाड्या केल्या आणि पुण्यामुंबईचे नाटक तालुक्याच्या गावी जाऊ लागले. पहाटेच्या एस.टी.तून वृत्तपत्रांचे गठ्ठे रवाना होऊ लागले आणि खेड्यातल्या चावडीवर शहराचा सकाळचा अंक त्याच दिवशी वाचला जाऊ लागला. स्थानकातील पुस्तकांच्या दुकानाने दिवाळी अंक, रहस्यकथा आणि पंचांग यांना एकाच फळीवर जागा दिली. जो वाचक ग्रंथालयाची पायरी कधी चढला नसता, त्याच्या हाती बस सुटण्यापूर्वीच्या दहा मिनिटांत पुस्तक आले. मराठी वाचनसंस्कृतीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या फळीची नोंद अवश्य घ्यावी.

२ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे आकाशवाणी केंद्र सुरू झाले. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर या केंद्रावरून ग. दि. माडगूळकरांचे आणि सुधीर फडक्यांचे ‘गीतरामायण’ दर आठवड्याला प्रसारित झाले. छप्पन्न गीतांचा तो यज्ञ होता. लोक त्या वेळेला घरी परतण्याची घाई करीत आणि रेडिओला हार घालून ऐकावयास बसत, अशा आठवणी जुनी माणसे सांगत आली आहेत. यंत्राला हार घालणे हे अंधश्रद्धेचे लक्षण नव्हते. त्या खोक्यातून जे येत होते, त्याला तो नमस्कार होता.

आपल्या उपासनेतही याच सुमारास क्रांती घडली. ४ डिसेंबर १९६३ हा दिवस कॅथॉलिक श्रद्धावंतांनी लक्षात ठेवावा असा आहे. त्या एकाच दिवशी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने दोन दस्तऐवज जाहीर केले. एकाने उपासनेत लोकभाषांना दार उघडले; दुसऱ्याने वृत्तपत्र, चित्रपट, नभोवाणी आणि दूरचित्रवाणी या साधनांचा ख्रिस्तसभेने गांभीर्याने विचार करावा, असे सांगितले. योगायोग असा की, त्याच वर्षी युरोपात फिलिप्स कंपनीने छोटी कॅसेट बाजारात आणली. लॅटिन मिस्सा मराठीत आली, तेव्हा मराठी गीतांची निकड निर्माण झाली. धर्मग्रामातील गायकवृंदांनी अभंगाच्या आणि भजनाच्या चालींवर रचना केल्या, चक्रमुद्रित पुस्तिका काढल्या आणि १९८० नंतर कॅसेट स्वस्त झाल्यावर त्या गीतांचे ध्वनिमुद्रण करून गावोगाव धाडले. एका धर्मग्रामात रचलेले गीत दुसऱ्या जिल्ह्यातील मिस्सेत गायले जाऊ लागले. पेटी, टाळ आणि ढोलकी यांच्या साथीने परमेश्वराची स्तुती करणे आज आपल्याला इतके स्वाभाविक वाटते की, ते किती अलीकडचे आहे याचा विसर पडतो.

ध्वनी आणि घड्याळ

स्वारगेटला लागून असलेल्या मुकुंदनगरात २०१८ पासून सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव भरतो. या महोत्सवाचा इतिहास म्हणजे यंत्र आणि कला यांच्या नात्याचा एक उत्तम धडा आहे. भीमसेन जोशी यांना लहानपणी दुकानात वाजणाऱ्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिकेने वेड लावले आणि गुरूच्या शोधात त्यांनी घर सोडले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. तासभर फुलणारा राग तीन मिनिटांत बसवणे ही कलावंताची कोंडीच होती. तरी त्याच तीन मिनिटांनी एका मुलाला आयुष्यभराच्या साधनेकडे ढकलले. यंत्राने गाणे आखूड केले आणि गायकाचे आयुष्य मोठे केले.

गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ भीमसेनांनी १९५३ साली हा महोत्सव सुरू केला. पुढे अनेक वर्षे तो रात्रभर चाले. मध्यरात्रीचे राग मध्यरात्री आणि पहाटेचे राग पहाटे, हा त्याचा क्रम होता. ध्वनिवर्धकामुळेच हजारो रसिकांना एकत्र बसून तो ऐकता आला. परंतु त्याच ध्वनिवर्धकाचा अन्यत्र इतका गैरवापर झाला की, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर त्यावर निर्बंध आणले. आजाऱ्यांच्या, वृद्धांच्या आणि अभ्यास करणाऱ्या मुलांच्या दृष्टीने तो नियम न्याय्यच होता. मात्र त्यामुळे महोत्सवाला घड्याळाप्रमाणे बदलावे लागले आणि रात्रभराची मैफल दुपार-सायंकाळची झाली. उत्तररात्रीच्या रागांनी आपला प्रहर गमावला. ज्या यंत्राने त्या मैफलीला हजारो श्रोते दिले, त्याच यंत्राच्या बेबंद वापराने तिची रात्र हिरावून घेतली. यात कायद्याचा दोष नाही; संयमाच्या अभावाची ती किंमत आहे.

हा धडा आपल्या मंदिरांनाही लागू आहे. हल्ली बऱ्याच ठिकाणी विजेवर चालणाऱ्या कळफलकात ताल आधीच भरलेला असतो. एक कळ दाबली की ढोलकीही वाजते आणि तबलाही. वादकाचा प्रश्न सुटतो, हे खरे. पण ज्या मुलाने ढोलकी शिकून दर रविवारी मिस्सेला साथ केली असती, तो मुलगा आता बाकावर बसून असतो. गायकवृंद ही केवळ गाण्याची सोय नव्हती. मुलांना धर्मग्रामाशी बांधून ठेवणारी ती शाळा होती. साधन स्वीकारताना शाळा बंद पडत नाही ना, हे पाहणे आपले काम आहे.

भुयारातील गाडी

२००६ साली कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बसगाड्यांसाठी स्वतंत्र मार्गिकेचा प्रयोग झाला. देशातील अशा प्रकारच्या प्रयोगांत तो अगदी आरंभीचा होता. पुढे येथील केशवराव जेधे चौकात उड्डाणपूल झाला. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग सुरू झाला. मुठा नदीच्या पात्राखालून, कसबा पेठ आणि मंडई ही स्थानके घेत गाडी स्वारगेटला येते. ज्या पेठांतून वाट काढताना बस मेटाकुटीला येई, त्या पेठा आता डोक्यावर राहतात आणि प्रवासी काही मिनिटांत खालून निघून जातो.

ही सोय मोठी आहे, यात शंका नाही. आजारी आईला रुग्णालयात नेणाऱ्या मुलीला किंवा पिंपरीहून कामावरून परतणाऱ्या कामगाराला तिचे मोल विचारावे. तथापि सांस्कृतिक इतिहासाच्या अभ्यासकाला आणखी एक बदल जाणवतो. एस.टी.च्या बाकावर दोन अनोळखी माणसे तासाभरात एकमेकांची गावे, मुले आणि पिके जाणून घेत. आज शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांच्या कानांत दोन वेगळी गाणी वाजत असतात. १९४८ च्या बाकाने परक्यांना शेजारी केले. आजच्या भ्रमणध्वनीने शेजाऱ्यांना परके केले, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तो निवाडा घाईचा ठरेल. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, एस.टी. थांबली, मंदिरांची दारे मिटली, तेव्हा याच भ्रमणध्वनीवर आपण मिस्सा पाहिली. २७ मार्चच्या त्या पावसाळी संध्याकाळी संत पेत्राच्या रिकाम्या चौकात एकटे उभे राहून प्रार्थना करणारे पोप फ्रान्सिस आपल्याला दिसले, ते त्याच छोट्या पडद्यावर. त्या दिवसांत या यंत्राने दूरच्यांना जवळ ठेवले.

यंत्र आणि विवेक

म्हणून यंत्र चांगले की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. स्वारगेटच्या अलीकडील इतिहासातील दोन काळ्या तारखा हेच सांगतात. २५ जानेवारी २०१२ रोजी येथून एका चालकाने बस पळवली आणि ती बेभानपणे शहरातील रस्त्यांवर चालवली. नऊ निरपराध माणसे प्राणांस मुकली. शेकडो कुटुंबांना गावी पोहोचवणारे वाहन काही वेळात संहाराचे साधन झाले. २५ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे स्थानकाच्या आवारात उभ्या असलेल्या एका बसमध्ये गावी निघालेल्या तरुणीवर अत्याचार झाल्याची फिर्याद नोंदली गेली आणि महाराष्ट्र हादरला. आवारात कॅमेरे होते. त्यांनी संशयिताचा माग काढण्यास मदत केली; पण घडणारी गोष्ट थांबवणे त्यांच्या हाती नव्हते. कॅमेरा पाहू शकतो. राखण माणसालाच करावी लागते. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुली परिचारिका आहेत, शिक्षिका आहेत, विद्यार्थिनी आहेत. रात्रीअपरात्री आणि भल्या पहाटे त्या याच फलाटांवर उभ्या असतात. शासनाने १७ मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.च्या भाड्यात पन्नास टक्के सवलत दिली, ती स्वागतार्हच होती. परंतु निर्भयपणे उभे राहण्याचा हक्क कोणत्याही तिकिटावर छापून मिळत नाही.

१८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी कारखानदारीच्या युगात भरडल्या जाणाऱ्या कामगाराची बाजू घेणारे परिपत्रक काढले. यंत्राला त्यांनी विरोध केला नाही. यंत्राशेजारी उभ्या असलेल्या माणसाची किंमत काय, असे विचारले. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या पोप महोदयांनी लिओ चौदावे हे नाव घेतले आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने उभ्या केलेल्या नव्या औद्योगिक क्रांतीचा संदर्भ देऊन त्या नावामागील कारण सांगितले. रोमहून आलेला हा प्रश्न आणि गंज पेठेतील हौदाचा प्रश्न यांत फारसे अंतर नाही. नळ पाणी आणील, बस माणूस आणील, पडदा चित्र आणील आणि उद्याचे यंत्र कदाचित उत्तरेही आणून देईल. पण घागर कोणाची भरावी, बाकावर कोणाला जागा द्यावी आणि पहाटे एकट्या उभ्या असलेल्या मुलीकडे कोणी लक्ष ठेवावे, हे ठरवण्याचे काम परमेश्वराने माणसाकडेच ठेवले आहे.

शेवटी एक विनंती. १९४८ नंतर आणि विशेषतः १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून पुण्यात आलेली आपली पिढी आता थकली आहे. काही जण प्रभूच्या घरी गेले आहेत. त्यांचा प्रवास कोणत्याही दप्तरात नोंदलेला नाही. कोणत्या वर्षी, कोणत्या गावाहून, कोणाच्या आधाराने ते आले, पहिली रात्र कोठे काढली, पहिली मिस्सा कोणत्या मंदिरात ऐकली, सोबत कोणते गीत आणले, हे सारे त्यांच्या मुखीच आहे. आज प्रत्येक घरात ध्वनिमुद्रणाचे यंत्र खिशात आहे. येत्या सुट्टीत धर्मग्रामातील तरुण-तरुणींनी आपापल्या आजी-आजोबांजवळ बसून ते बोलणे मुद्रित करावे, लिहून काढावे आणि धर्मग्रामाच्या दप्तरात ठेवावे. स्वारगेटचा हा अलिखित इतिहास अद्याप हाताशी आहे. आणखी दहा वर्षांनी तो विचारावयास कोणी उरणार नाही.